ख्रिस्ती माणसाने दुसऱ्या ख्रिस्ती माणसाचा न्याय करावा का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बायबल अभ्यास संपल्यावर, उपासनेनंतर दाराशी, कधी रात्री उशिरा फोनवर हे प्रश्न येत राहतात. विचारणाऱ्यांत दोन गट असतात: ज्यांना कुणीतरी बोललं आहे ते, आणि ज्यांना कुणाला तरी बोलायचं आहे ते. दोघेही बहुधा मत्तय 7:1 हेच वचन हातात घेऊन येतात.

1. "दोष काढू नका" असं प्रभूने स्पष्ट सांगितलं आहे. मग विषय तिथेच संपत नाही का?

पहिल्या ओवीवर थांबलं तर संपतो. पण बोलणं पाचव्या ओवीपर्यंत चालू आहे, आणि तिथे येशू म्हणतो की आधी आपल्या डोळ्यातलं मुसळ काढ, म्हणजे भावाच्या डोळ्यातलं कुसळ काढायला तुला स्पष्ट दिसेल. म्हणजे कुसळ काढायचंच आहे. डोळ्यात गेलेलं कुसळ तसंच राहू देणं ही काही दया नव्हे. फक्त ते काढणाऱ्याला आधी दिसलं पाहिजे.

मूळ ग्रीक शब्द घराच्या तुळईसाठी वापरला जाणारा आहे. मराठीत मात्र मुसळ आणि कुसळ अशी जोडी आली आणि ती इतकी चपखल बसली की ख्रिस्ती नसलेली माणसंही ती रोज वापरतात. तोटा एवढाच की आपण ती म्हणीसारखी अर्धी वापरतो: "आधी स्वतःचं बघ." "मग भावाला मदत कर" हा उरलेला अर्धा भाग गळून पडतो.

त्याच अध्यायात सहाव्या ओवीत डुकरांपुढे मोती टाकू नका असं आहे, आणि पंधराव्या ओवीपासून खोट्या संदेष्ट्यांना फळांवरून ओळखा असं आहे. कसलीच पारख करायची नाही असं ठरवलं तर या दोन्ही आज्ञा पाळणं अशक्य होईल.

2. न्याय करणं, दोष लावणं, पारख करणं हे सगळं एकच ना?

नाही. गोंधळ मात्र समजण्यासारखा आहे, कारण नव्या करारात "क्रीनो" हे एकच ग्रीक क्रियापद ठरवणं, मत बनवणं, निवाडा करणं, दोषी ठरवणं अशा बऱ्याच अर्थांनी येतं. संदर्भ पाहिल्याशिवाय अर्थ लागत नाही. याकोब 4:11-12 मध्ये भावाविरुद्ध बोलणाऱ्याला "तू कोण न्याय करणारा?" असा सवाल आहे. योहान 7:24 मध्ये मात्र "वरवर पाहून नको, यथार्थ न्याय करा" अशी आज्ञाच आहे. क्रियापद एकच, पण पहिल्या ठिकाणी माणसाला खाली पाडणं आहे आणि दुसऱ्या ठिकाणी घडलेली गोष्ट नीट तपासणं.

पुढच्या उत्तरांत "पारख" म्हणजे कृती बरोबर की चूक हे तपासणं, आणि "दोष लावणं" म्हणजे माणसावर शेवटचा शिक्का मारणं, असं धरलं आहे.

3. कृती चूक म्हणा, माणसाला वाईट म्हणू नका, हे ऐकायला छान आहे. तोंडाने बोलताना ते जमतं कसं?

एक साधी युक्ती मला उपयोगी पडते: क्रियापदं ठेवायची, विशेषणं गाळायची. "तू तीन वेळा येतो म्हणालास आणि आला नाहीस" हे वाक्य तपासता येतं. समोरचा म्हणू शकतो की तीनदा नाही, दोनदा; किंवा एकदा मी कळवलं होतं. "तू बेजबाबदार आहेस" यावर त्याला बोलायला जागाच नाही. आणि "तुला आमची किंमतच नाही" हे तर त्याच्या मनात शिरून दिलेलं प्रमाणपत्र झालं.

4. पण हेतू कळतोच की! मी त्यांना वीस वर्षं ओळखते.

याच प्रश्नावर मी सर्वांत जास्त वेळ घालवतो, कारण भांडणं कृतीवरून सुरू होतात आणि हेतूवरून चिघळतात.

1 शमुवेल 16 मध्ये शमुवेल इशायाच्या घरी जातो, थोरल्या अलीयाबाला पाहतो आणि त्याला वाटतं, हाच तो राजा. देव सांगतो की त्याच्या रूपाकडे आणि उंचीकडे पाहू नकोस. मनुष्य बाहेरचं पाहतो, परमेश्वर हृदय पाहतो. हे वचन सर्वांना पाठ असतं. पण एक पान उलटा. सतराव्या अध्यायात दावीद रणांगणावर येतो आणि हाच अलीयाब त्याच्यावर तुटून पडतो: ती चार मेंढरं कुणाकडे सोडून आलास? तुझा गर्व आणि तुझ्या मनातलं कपट मला ठाऊक आहे, तू लढाईची गंमत बघायला आला आहेस. आता त्याच अध्यायातल्या मागच्या ओव्या पाहा. दावीद बापाच्या सांगण्यावरून भावांसाठी खाणं घेऊन आला होता, आणि मेंढरं राखणदाराकडे सोपवून आला होता. अलीयाब तर सख्खा भाऊ, एकाच घरात वाढलेला. तरी त्याचा अंदाज पूर्ण चुकला. वीस वर्षांची ओळख हेतू ओळखण्याची हमी देत नाही. उलट जुन्या ओळखीत जुना राग मिसळलेला असतो आणि त्यालाच आपण अनुभव म्हणतो.

एली याजकाचंही तसंच. हन्ना मनातल्या मनात प्रार्थना करत होती; तिचे ओठ हलत होते, आवाज येत नव्हता. त्याने ठरवलं, ही प्यालेली आहे. त्याला जे दिसलं ते खरं होतं, त्याने लावलेला अर्थ खोटा होता.

माझ्या मते या विषयावरचा सर्वांत उपयोगी अध्याय यहोशवा 22 आहे, आणि तोच फारसा वाचला जात नाही. रऊबेन, गाद आणि मनश्शेचा अर्धा वंश यांनी यार्देनेजवळ एक मोठी वेदी बांधली. बाकीच्या इस्राएलांना तो उघड बंडखोरपणा वाटला. वाटायला कारणही होतं, कारण यज्ञासाठी ठरलेल्या वेदीखेरीज दुसरी वेदी म्हणजे नियमभंगच. ते लढायला शिलोत जमले. पण तलवारी काढण्याआधी त्यांनी याजक फीनहास आणि दहा सरदारांना विचारायला पाठवलं. उत्तर आलं की ही वेदी यज्ञासाठी नाहीच, साक्षीसाठी आहे. उद्या तुमची मुलं आमच्या मुलांना "परमेश्वराशी तुमचा काय संबंध?" म्हणतील, या भीतीने बांधली आहे. ज्या कृतीत इतरांना फुटून जाणं दिसलं, ती जोडून राहण्यासाठी केली होती. एका भेटीने यादवी टळली.

हेतू कधी कळतच नाही असं मी म्हणत नाही. कळतो, पण बहुतेक वेळा विचारल्यावर. स्वतःच्या बाबतीतही पौल 1 करिंथकर 4:3-5 मध्ये म्हणतो की माझं मन मला दोष देत नाही, पण तेवढ्याने मी निर्दोष ठरत नाही. अंतःकरणातले हेतू प्रभू आल्यावर उघड करील, तोवर निकाल देऊ नका. स्वतःच्या हेतूबद्दल जो इतका सावध आहे, त्याच्यापुढे आपण शेजारच्या बाकावरच्या माणसाचं मन वाचून दाखवावं, हे जरा जास्तच होतं.

5. मग पौलाने आणि पेत्राने लोकांच्या हेतूंवर थेट बोट कसं ठेवलं?

हा प्रश्न योग्य आहे आणि तो झटकून टाकू नये. एकेक प्रसंग पाहू.

गलतीकर 2 मध्ये पौल लिहितो की अंत्युखियात केफा (म्हणजे पेत्र) परराष्ट्रीयांबरोबर, म्हणजे यहूदी नसलेल्यांबरोबर जेवत असे, पण याकोबाकडून माणसं आल्यावर सुंतेचा आग्रह धरणाऱ्यांच्या भीतीने मागे सरला. "भीतीने" हा हेतूच झाला. पण पौलासमोर आधीचं वागणं होतं, नंतरचं वागणं होतं, आणि मधे नेमका एक बदल: पाहुणे आले. शिवाय तो हे केफाला तोंडावर, सर्वांदेखत म्हणाला. उत्तर द्यायला केफा समोर होता.

प्रेषितांची कृत्ये 8 मधल्या शिमोनाने पवित्र आत्मा देण्याचा अधिकार विकत घेण्यासाठी पैसे पुढे केले. तिथे हेतूचा अंदाज करायला काही उरलंच नव्हतं. जमीन विकून आलेल्या पैशांतले काही लपवून ठेवणाऱ्या हनन्या आणि सप्पीरेचा प्रसंग (अध्याय 5) वेगळ्या जातीचा आहे. तिथे पेत्राला जे कळलं ते साध्या निरीक्षणातून आलेलं नाही, आणि तो प्रसंग आपल्यासाठी पद्धत म्हणून दिलेला नाही. तरीही सप्पीरेला तो आधी विचारतो की जमीन एवढ्यालाच विकली का?

येशूला धरून देणाऱ्या यहूदाचं काय? योहान 12:6 सांगतो की सुगंधी तेल विकून पैसे गरिबांना द्यायला हवे होते असं तो बोलला ते गरिबांच्या कळवळ्याने नव्हे, तर तो चोर होता म्हणून. पण हे मागाहून, सगळं उघड झाल्यावर लिहिलेलं आहे. त्या वेळी काय झालं ते योहान 13:29 मध्ये आहे. यहूदा जेवणावरून उठून गेला, तेव्हा काही शिष्यांना वाटलं की सणासाठी काही विकत आणायला किंवा गरिबांना काही द्यायला गेला असेल. इतक्या जवळच्या लोकांनाही त्या रात्री त्याचं मन कळलं नाही.

6. हेतू माहीत नसेल आणि विचारायची सोय नसेल, तर काय गृहीत धरायचं?

चांगलं. या एका बाबतीत एरवी एकमेकांशी न पटणारे लोक एका सुरात बोलतात. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनसने लिहिलं की शंका असेल तिथे चांगला अर्थ घ्यावा. वाईट माणसाला चांगलं समजून वारंवार फसणं परवडलं, पण चांगल्या माणसाला वाईट समजून क्वचितही चुकणं नको. मार्टिन ल्यूथरने 1529 च्या आपल्या छोट्या प्रश्नोत्तरीत "खोटी साक्ष देऊ नको" या आज्ञेचा अर्थ सांगताना शेजाऱ्याच्या वागण्याचा होईल तितका चांगला अर्थ लावायला सांगितलं. आणि धर्मसुधारणेच्या काळात विरुद्ध, कॅथलिक बाजूला उभा असलेला इग्नेशियस लोयोला म्हणतो की दुसऱ्याच्या बोलण्याचा चांगला अर्थ लावायला तत्पर असावं. तो लागत नसेल तर तुझ्या मनात काय होतं असं त्यालाच विचारावं. आणि तो चुकत असेल तर प्रेमाने दुरुस्त करावं.

चांगला अर्थ घेणं म्हणजे भोळेपणा नव्हे. हिशेब मागणं म्हणजे हेतूवर संशय घेणं, असं खजिनदाराला वाटलं तर त्याला 2 करिंथकर 8:20-21 दाखवावं. एवढी मोठी वर्गणी नेताना कुणाला बोट ठेवायला जागा राहू नये म्हणून पौलाने स्वतःहून बरोबर माणसं घेतली. व्यवस्था चोख असली की हेतूंची चर्चा करायची वेळ कमी येते.

7. कोणत्या बाबतीत बोलावं आणि कोणत्या बाबतीत गप्प बसावं?

दोन अध्याय शेजारी ठेवून वाचा: रोमकर 14 आणि 1 करिंथकर 5. पहिल्यात काय खावं आणि कोणता दिवस पाळावा यावरून वाद आहे. पौल दोन्ही बाजूंना आवरतो: खाणाऱ्याने न खाणाऱ्याला तुच्छ लेखू नये आणि न खाणाऱ्याने खाणाऱ्याला दोष लावू नये. दुसऱ्याच्या चाकराचा न्याय करणारा तू कोण, हा त्याचा सवाल आहे. दुसऱ्या अध्यायात एक माणूस बापाची बायको ठेवून आहे आणि मंडळीला त्याचं काही वाटत नाही, उलट ती गर्वाने फुगलेली आहे. तिथे पौल गप्प बसण्यालाच दोष देतो.

अडचण अशी की आपण बरेचदा उलटं करतो. कपडे, केस, संगीत, हात वर करून प्रार्थना की डोळे मिटून, यांवर तावातावाने बोलतो. आणि कर्ज बुडवणारा, बायकोला मारणारा, नोकरांचे पगार अडकवणारा वजनदार सभासद असेल, तर एकदम "न्याय प्रभूचा" आठवतो.

8. बोलायचं ठरलं. कसं बोलू?

मत्तय 18:15-17 मध्ये क्रम आहे: आधी एकट्याने, मग एकदोघांना बरोबर घेऊन, मग मंडळीपुढे. पहिली पायरी गाळण्याचा मोह सर्वांत मोठा असतो. त्या पायरीवर एक गोष्ट घडू शकते जी नंतर कधीच घडत नाही: तुमची माहिती चुकीची होती हे चारचौघांत न होता कळतं.

गलतीकर 6:1 मध्ये अपराधात सापडलेल्याला सौम्यतेने ताळ्यावर आणा असं आहे. तिथलं ग्रीक क्रियापद मार्क 1:19 मध्ये मासे धरणाऱ्यांच्या जाळ्यांसाठी आलं आहे: याकोब आणि योहान जाळी नीट करत बसले होते. फाटलेलं जाळं कुणी रागाने शिवत नाही. कारण ते उद्या वापरायचं असतं.

आणि न बोलणं हाही नेहमी मोठेपणा नसतो. लेवीय 19:17 मध्ये भावाचा मनात द्वेष करू नको, त्याला स्पष्ट सांग, असं एकाच दमात आलं आहे. (अत्याचाराच्या बाबतीत हा क्रम लागू करू नका, प्रश्न 11 पाहा.)

9. प्रार्थनेचा विषय म्हणून दुसऱ्या कुणाला सांगितलं तर चालेल ना?

नाव गाळूनही प्रार्थना करता येते. नाव घेतल्याशिवाय सांगण्यात मजा राहत नसेल, तर तो प्रार्थनेचा विषय नव्हता. सल्ला खरंच हवा असेल तर एका जबाबदार माणसाला विचारा, आणि त्या माणसाशी बोलण्याआधी विचारा. कॅथलिक शिकवणुकीत इथे तीन वेगळी पापं मोजली आहेत: पुरेशा आधाराशिवाय मनात दोष धरणं, खरा दोष विनाकारण तिसऱ्याला सांगणं, आणि खोटं पसरवणं. "पण खरंच आहे ते!" हा बचाव फक्त तिसऱ्यातून सोडवतो.

10. पाळकच चुकत असतील तर? "अभिषिक्ताला हात लावू नका" असं आम्हाला सांगितलं जातं.

हे वचन दाविदाच्या तोंडचंही आहे, तेव्हा दाविदाने काय केलं ते पाहू. त्याच्या जिवावर उठलेला शौल राजा गुहेत हातात सापडला, तरी त्याने त्याला मारलं नाही. पण नंतर बाहेर येऊन, शौलाच्या माणसांच्या कानावर जाईल अशा आवाजात विचारलं: लोकांचं ऐकून तू माझ्या मागे का लागला आहेस? तुझ्या-माझ्यात परमेश्वर न्याय करो (1 शमुवेल 24). हात लावला नाही, पण तोंडही बंद ठेवलं नाही.

1 तीमथ्य 5:19-20 मध्ये मंडळीच्या वडिलांबाबत (पुढाऱ्यांबाबत) दोन्ही बाजूंचं संरक्षण आहे. दोघातिघांच्या साक्षीशिवाय त्यांच्यावरचा आरोप घेऊ नये. आणि पाप करत राहणाऱ्याला सर्वांसमोर दोष द्यावा. पहिलं वाक्य पाळकांच्या बैठकीत जास्त ऐकू येतं.

11. मारहाण किंवा लैंगिक अत्याचार झाला असेल तर?

पोलीस. आधी पोलीस आणि सुरक्षित जागा, मंडळीची शिस्त त्यानंतर. मत्तय 18 मधली "एकट्याने जाऊन सांग" ही पायरी पीडित स्त्रीला किंवा मुलाला अत्याचार करणाऱ्याच्या खोलीत पाठवण्यासाठी नाही. रोमकर 13 मध्ये अधिकाऱ्यांच्या हाती तलवार दिली आहे ती वाईट करणाऱ्यासाठीच. आणि अशा तक्रारीला कुणी "न्याय करू नका" असं उत्तर देत असेल, तर तो त्या वचनाचा अपमान आहे.

12. जे ख्रिस्ती नाहीत त्यांच्या वागण्याबद्दल?

1 करिंथकर 5:12-13: बाहेरच्यांचा न्याय देव करील. आपली जबाबदारी घरातली.

13. "जो निष्पाप आहे त्याने पहिला दगड मारावा." मग पाप न केलेला कुणीच नाही, तर कुणीच कुणाला काही बोलायचं नाही?

दगड म्हणजे सल्ला नव्हे, मृत्युदंड. योहान 8 मधल्या त्या जमावाचा डावही नीट पाहा. व्यभिचारात धरलेली बाई आणली, पण नियमशास्त्राप्रमाणे दोघेही दोषी असताना पुरुष कुठे होता? येशूने त्या बाईला दोषी ठरवलं नाही, आणि "जा, यापुढे पाप करू नको" असंही म्हटलं. दोन्ही वाक्यं त्याचीच आहेत. (हा भाग सर्वांत जुन्या हस्तलिखितांत आढळत नाही, म्हणून अनेक आवृत्त्यांत तो कंसात असतो. तरी मंडळीने तो शतकानुशतकं वाचला आहे, आणि वर जे म्हटलं ते इतर वचनांवरही उभं राहतं.)

14. त्याने पश्चात्ताप केला म्हणतो. किती दिवस लांब ठेवावं?

2 करिंथकर 2:6-8 मध्ये पौल अशाच एकाबद्दल लिहितो की झाली ती शिक्षा पुरे. आता क्षमा करा, धीर द्या, नाहीतर तो दुःखात बुडून जाईल. जवळ घेणं आणि पुन्हा जबाबदारी देणं या मात्र वेगळ्या गोष्टी आहेत. पैशाची अफरातफर केलेल्या भावाशेजारी बसून प्रार्थना करा. पेटीची किल्ली देण्याची घाई नको.

15. कुणी मला बोललं की मी "न्याय करू नका" म्हणतो. चुकतं का?

बहुधा. ते वचन दुसऱ्याचं तोंड बंद करायला दिलेलं नाही. शिवाय समोरचा "मत्सराने बोलतोय" असं तुम्ही ठरवलं, तर हेतूचा न्याय तुम्हीच केलात. नाथान संदेष्ट्याने गरिबाची एकुलती एक मेंढी हिरावून घेणाऱ्या श्रीमंताची गोष्ट सांगितली तेव्हा दावीद त्या श्रीमंतावर भडकला आणि त्याला मरणदंड ठोठावून मोकळा झाला; "तो मनुष्य तूच" हे त्यानंतर आलं. दाविदाने उत्तर दिलं, "मी पाप केलं आहे." नाथानाला हे बोलण्यामागे काय मिळणार होतं, हे त्याने विचारलं नाही.

बोलणारा चुकीच्या सुरात बोलला, तरी त्यातला खरा भाग घेता येतो. फिलिप्पैकर 1:15-18 मध्ये काही जण हेव्याने उपदेश करत होते, तरी ख्रिस्ताची घोषणा होते आहे म्हणून पौल आनंद करतो.

16. मी एका बहिणीच्या हेतूबद्दल चारजणींत बोलले आणि आता कळलं की ते खरं नव्हतं. काय करू?

तिच्याकडे जा आणि "तुला वाईट वाटलं असेल तर" असं न म्हणता "मी असं असं बोलले, ते खोटं होतं" असं म्हणा. मग त्या चौघींकडेही जा. हेच राहून जातं. एली चुकला होता, पण हन्नाने खरं काय ते सांगितल्यावर तो आपल्या मतावर अडून बसला नाही. "शांतीने जा" म्हणाला आणि तिच्या मागण्याला आशीर्वाद दिला. आणि यार्देनेहून परतलेल्या फीनहासाने सगळी हकिकत इस्राएलांना सांगितल्यावर त्यांनी देवाचा धन्यवाद केला, आणि लढाईची गोष्ट पुन्हा काढली नाही.